हिरव्या टेपची पटाशी

‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द पेपरात दिसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. क्रेन कलंडली, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. परांची कोसळली, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. कुणाचं बोट गेलं, तेही त्याच्याच निष्काळजीपणामुळे. इतकं सोयीचं वाक्य आपल्याकडे दुसरं नाही. ते एकदा लिहिलं की साहेब मोकळे, ठेकेदार मोकळा, हत्यारं विकत घेणारं खातं मोकळं. मला हे इतकं नीट ठाऊक आहे, कारण असं एक वाक्य माझ्या सहीनिशी एका फायलीत पडून आहे. ज्याच्याबद्दल ते लिहिलंय तो अन्वरभाई पनवेलमध्येच राहतो, आणि त्या एका वाक्यामुळे आज एकाही मोठ्या साइटच्या गेटातून आत जाऊ शकत नाही.

संपादकांनी सांगितलं होतं, ‘म्हात्रे, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा.’ गमती आहेत, त्याही सांगतो. पण त्या सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मी खिडक्यांच्या काचा बदलणारा माणूस. एका कंपनीत एकतीस वर्षं तेच केलं, त्यातली शेवटची बारा डबल ग्लासच्या मागे गेली. डबल ग्लास म्हणजे दोन काचा, मध्ये बोटभर कोरडी हवा, आणि चारी कडांना हवाबंद सील. रस्त्याचा आवाज आत येत नाही, ऊन लागत नाही. पळस्प्याच्या फाट्यावर रात्रंदिवस ट्रक गर्जतात, करंजाड्यावरून आता विमानंही जायला लागली, त्यामुळे आमच्या भागात ज्याला परवडतं तो डबल ग्लास बसवतो. ही जोडकाच दुरुस्त होत नाही. कडेचं सील गेलं की मधल्या हवेत दमटपणा शिरतो आणि काच आतून धुरकट होते. लोक आधी घरातून पुसतात, मग जीव धोक्यात घालून बाहेरून पुसतात, मग बायकोवर संशय घेतात की तिने नीट पुसलं नाही, आणि सगळ्यात शेवटी आम्हाला फोन करतात.

सील का जातं? बहुतेक वेळा माणसाच्या हुशारीमुळे. खिडकीच्या चौकटीला खालून बारीक भोकं असतात. पावसाचं जे पाणी रबरातून आत झिरपतं ते त्यातून बाहेर पडावं म्हणून. करंजाड्यात एका काकींच्या बंगल्यात गेलो होतो. जमिनीचे पैसे आले तेव्हा बांधलेला तीन मजली बंगला, आणि अकरा खिडक्या धुरकट. काकी जिन्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या.

“काय रं, काचंच्या आतमंदी पानी कसा गेला? तुमच्या मानसानीच सोरला असंल!”

मी खाली वाकून बघितलं. एकूण एक भोक पांढऱ्या सिमेंटने लिंपलेलं.

“काकी, ही भोकं कोनी बुजवली?”

“मीच बुजवली. मुंग्या यायच्या. घरान भोक ठेवतान काय कोन?”

“आता पानी बाहेर कुठनं जानार?”

काकी म्हणाल्या, “मंग तुमी आदी सांगाचा व्हता ना!” त्यांचं बरोबर होतं. बसवणाऱ्यांनी सांगायला हवं होतं. काकींवर मला राग नाही आला. पळस्प्याच्या टॉवरमध्ये बिल्डरच्या इंजिनियरने तीच भोकं सिलिकॉनने बंद करायला लावली होती, का, तर म्हणे बाहेरून बरी दिसत नाहीत. त्याचा मात्र राग आजही आहे. काकी शिकलेल्या नव्हत्या, तो शिकून आला होता.

आता हत्यारांचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

काच चौकटीत बसते ती बीडिंगच्या आधारावर. बीडिंग म्हणजे काचेच्या चारी बाजूंना खटक्याने बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या काठ्या. त्या काढल्याशिवाय काच निघत नाही. सगळ्यात लांब काठीपासून सुरुवात करायची, तीही टोकाशी नाही, बरोबर मधोमध, कारण लांब काठी मध्ये वाकते. काठी आणि चौकट यांच्या फटीत रुंद, पातळ धारेची पट्टी घालायची, नायलॉनच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा, मनगट किंचित फिरवायचं. काठी ‘टक’ करून सुटते. तो ‘टक’ नीट आला की मला आजही बरं वाटतं. प्रत्येक काठीच्या पाठीवर पेन्सिलीने खूण करायची, कारण दिसायला सारख्या असल्या तरी परत आपल्याच जागी बसतात. नवी काच ठेवताना ती चौकटीवर थेट टेकवायची नाही. खाली प्लॅस्टिकचे छोटे तुकडे, ज्यांना आम्ही पॅकिंग म्हणतो, ते सरकवायचे. त्यासाठी काच खालून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उचलावी लागते. हा सगळ्या कामातला नाजूक क्षण. काचेच्या पोटावर माणूस बसला तरी एखादे वेळी ती सहन करील, पण कडेला टोकदार लोखंड लागलेलं तिला खपत नाही. कडेला जिथे एका बिंदूवर जोर येतो, तिथून ती जाते.

म्हणून उचलायची पट्टी रुंद हवी, आणि काचेपेक्षा मऊ हवी. एवढंच ते सगळं शास्त्र.

रोडपालीत एका बाईंनी आम्ही पोचायच्या आधीच एका खिडकीचं बीडिंग काढून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावून बघायला गेलो, तर कुठे ओरखडासुद्धा नाही. विचारलं, कशाने काढलंत? त्यांनी स्वयंपाकघरातून लाकडी उलथनं आणून दाखवलं. डोशाचं. मी त्या उलथन्याला मनापासून नमस्कार केला. आमच्या ऑफिसातल्या खरेदी खात्याला त्या बाईंकडे आठवडाभर शिकायला पाठवायला हवं होतं.

आमच्या पट्ट्याही लाकडीच होत्या, आणि त्यांची एक कथा आहे. माझे वडील मिठागरात कामाला होते. मिठागरात लोखंड चालत नाही. खाऱ्या पाण्यात ते गंजतं आणि गंजाने मीठ तांबूस होतं. म्हणून मीठ ओढायची हत्यारंसुद्धा लाकडाची. लांब दांडा आणि त्याला आडवी फळी. मिठागर बंद झाल्यावर वडिलांनी ती फळी माळ्यावर टाकली होती. लाकूड कुठलं ते मला माहीत नाही, पण वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन असं घट्ट झालं होतं की करवतीचे दात बोथट झाले. मी तिच्या पाच पट्ट्या केल्या, तळहाताएवढ्या रुंद. एका बाजूला धार पातळ केली, पाठीला टेकण्यापुरता उंचवटा ठेवला. माझ्या टीममध्ये माझ्यासकट पाच माणसं होती, प्रत्येकाला एक. वडील तेव्हा हयात होते. ते म्हणाले, “मिठाला लोखंड चालत नव्हता, काचंला पन नाय चालत काय? मंग बरा हाय, फळी वाया नाय गेली.”

त्या पट्ट्यांवर आम्ही शेकडो काचा बदलल्या. आणि सगळ्यात हलका हात होता अन्वरभाईचा. पनवेलचाच माणूस, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, आधी आरसे कापायचा. काच हातात घेतली की आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, “जनाभाई, हिचा मिजाज बघून घेऊ.” कडेला बारीकशी कपची उडालेली असली तर त्याला डोळ्यांआधी अंगठ्याने कळायचं. इतक्या वर्षांत त्याच्या हाताने काच फुटल्याचं मला आठवत नाही.

मग पळस्प्याचा तो टॉवर आला. भोकं बुजवलेला. पाचव्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत काचा धुरकट झाल्या होत्या आणि सगळ्या बदलायच्या होत्या. मोठी साइट, मोठे नियम. तिथे सेफ्टीचे एक साहेब होते. दर महिन्याला हत्यारं तपासायची आणि पास झालेल्या हत्याराला त्या महिन्याच्या रंगाची टेप गुंडाळायची, असा नियम. नियम वाईट नाही. तुटक्या दांड्याच्या हातोड्या त्यामुळे साइटवरून गेल्या, हे मी मान्य करतो. त्या महिन्याचा रंग हिरवा होता.

साहेबांनी माझी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “हे काय आहे?”

“बीडिंग काढायची पट्टी, साहेब. काच उचलायलाही हीच.”

“कंपनी कुठली?”

“घरी केली आहे.”

“बिल?”

मिठागराच्या फळीचं बिल मी कुठून आणणार? साहेब म्हणाले, घरगुती हत्यार साइटवर चालणार नाही. टेप नाही म्हणजे हत्यार नाही. आमच्या ऑफिसला कळवलं, तर ऑफिसने तीन दिवसांत पाच नव्या कोऱ्या पिशव्या पाठवल्या. मी हत्यारांची यादी आधीच दिली होती: रुंद नायलॉनच्या पट्ट्या, नायलॉनची हातोडी, दोन पकडींचे सक्शन कप, जाड हातमोजे. कुणीतरी यादीवर लिहिलं होतं, ‘एवढं कशाला?’ आणि पिशवीत निघालं काय, तर सुताराची पटाशी! लाकडात खाच पाडायची, अरुंद, जाड, धारदार पोलादी पटाशी. सोबत लोखंडी हातोडा आणि भाजी निवडायलाही अपुरे पडतील असे पातळ हातमोजे. साहेबांनी पाचही पटाश्या तपासल्या. दांडे पक्के होते, धार शाबूत होती, बिल होतं. पाचहींना हिरवी टेप लागली.

मी फोन करून ओरडलो. खरेदीवाला म्हणाला, “म्हात्रे, कॅटलॉगमध्ये खिडकीच्या फोटोखालीच होती ती.” मी पुन्हा ओरडलो. तो म्हणाला, या महिन्यात यावर काम उरका, पुढच्या महिन्यात बघू. त्याने आयुष्यात एकही काच उचललेली नव्हती, आणि कुठल्या हत्याराने उचलायची हे तो ठरवत होता. या प्रकाराचा मला आज इतक्या वर्षांनीही संताप येतो.

पण त्याच्यावर ओरडून झाल्यावर मी काय केलं, ते लिहायलाच हा लेख आहे.

मी माझ्या माणसांकडून पाचही लाकडी पट्ट्या गोळा केल्या. साइटच्या खोलीत आमचं पत्र्याचं कपाट होतं, त्यात ठेवून कुलूप लावलं. सेफ्टीच्या साहेबांनी पट्ट्या बाहेर घेऊन जा, एवढंच सांगितलं होतं. कुलूप ही माझी अक्कल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि मला कटकट नको होती.

चार दिवस पटाशीने बीडिंग काढलं. काठ्यांना खाचा पडल्या, चौकटीवर ओरखडे गेले, पण काच कुणाची फुटली नाही, कारण माझी माणसं श्वास रोखून काम करत होती. पाचव्या दिवशी सकाळी अन्वरभाई माझ्याकडे आला. आठव्या मजल्यावर दिवाणखान्याची मोठी काच होती, दोन माणसांना जेमतेम पेलणारी.

“जनाभाई, कपाट उघडा. एवढ्या एका काचेला माझी पट्टी द्या. लगेच आणून देतो.”

“साहेब फिरतायत वर.”

“फिरू द्या. ती काच पटाशीवर नाय उचलायची. कडेवर दाब येतो, मला हाताला कळतंय. आतली काच साधी आहे, भट्टीत कडक केलेली नाय. गेली तर सुरीसारखी येईल.”

मला हे सगळं माहीत होतं. ते त्याला मी शिकवलं नव्हतं, पण त्याच्याइतकंच मलाही माहीत होतं. आणि मी म्हणालो, “अन्वरभाई, नियम म्हणजे नियम. जरा सांभाळून करा.”

तो “ठीक है” म्हणून जिना चढून गेला. जरा सांभाळून करा! ज्याच्या हातातून योग्य हत्यार काढून घेतलंय त्याला हे सांगायला जीभ कशी वळली, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय.

तासाभराने वरून हाक आली. नवी काच चौकटीत उभी होती, वरचा भाग जोडीदाराने आमच्या जुन्या, टेप मिळालेल्या सक्शन कपने धरलेला, आणि अन्वरभाई खालून पॅकिंग सरकवायला पटाशीने कड उचलत होता. कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर पटाशीचं टोक कडेला लागलं. आतल्या काचेला तिथून तिरपी चीर गेली आणि हातभर लांबीचा तुकडा सुटून खाली आला. पातळ हातमोजा, त्याखाली उजवा हात. अंगठ्याच्या मुळाशी शिरा कापल्या गेल्या. मी वर पोचलो तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट आवळून धरलं होतं. मला बघून तो म्हणाला, “दुसरी काच मागवून घ्या, जनाभाई. चौकट सलामत आहे.” तशा अवस्थेतही त्याने आधी चौकट बघितली होती.

हात दोन ऑपरेशनांनंतर बरा झाला. अंगठा पूर्ण वळत नाही, पण पकड आली. नावाचं तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहवाल टाइप होऊनच माझ्यासमोर आला. ‘हत्यारे तपासून प्रमाणित केलेली होती. कामगाराने हत्यार चुकीच्या पद्धतीने वापरल्याने, त्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ खाली ‘पर्यवेक्षक’ आणि सहीची जागा. मी म्हणालो, पटाशी हे त्या कामाचं हत्यारच नाही. आमच्या ऑफिसातले साहेब शांतपणे म्हणाले, “लिहा ना तसं. पण मग योग्य हत्यार कुठे होतं, तेही लिहावं लागेल.”

योग्य हत्यार कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी मूग गिळून सही केली. पूर्ण नावाची, घोटून घोटून.

तो अहवाल एका फायलीत राहिला असता तर एक वेळ ठीक होतं. पण ठेकेदार एकमेकांना विचारतात. अन्वरभाई बरा होऊन कामावर जायला लागला, तर प्रत्येक गेटवर तेच: ‘तुमच्या नावावर निष्काळजीपणाचा रिपोर्ट आहे.’ ज्या माणसाला कडेवरची कपची अंगठ्याने कळायची, त्याला मोबाइलवर नाव बघून परत पाठवणारी पोरं गेटवर बसलेली! मी निवृत्त झालो, मला शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘अपघातमुक्त सेवा’ असं कुणीतरी भाषणात म्हणालंही. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हात्रे भारावले.

जाताना मी कपाटातल्या पट्ट्या घरी आणल्या होत्या. यंदा पावसाळा सरल्यावर त्यातली अन्वरभाईची पट्टी घेऊन त्याच्याकडे गेलो. धारेजवळ त्याने खिळ्याने चंद्रकोर कोरली होती, त्यामुळे ओळखू आली. तो आता गावात एका फ्रेमवाल्याच्या दुकानात बसतो. देवादिकांचे, लग्नाचे, वारलेल्या माणसांचे फोटो. त्यांना लागणाऱ्या पातळ काचा कापतो, डाव्या हाताने कटर धरून.

मी पट्टी समोर ठेवली. त्याने उचलली, धारेवरून अंगठा फिरवला. तोच अंगठा, अर्धाच वाकणारा.

“सुकली आहे,” तो म्हणाला. “तेल नाय दिलंत तुमी हिला.” मग गल्ल्यामागून खोबरेल काढलं, चिंधीवर घेतलं आणि पट्टी पुसायला लागला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी पुसतच होता.

“अन्वरभाई, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“हाताचं म्हणताय? काचेचं काम आहे, हाताला लागणारच. हाताचा मला गिला नाय.” त्याने पट्टी माझ्याकडे सरकवली. “ही न्या परत. आता कुठे वापरू? तुमी मला कागद द्या. त्या कागदात लापरवाह लिहिलंय ना मला? तीस वर्षं काचेत काढली, जनाभाई. लापरवाह माणूस काचेत तीस वर्षं टिकतो काय?”

मी ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं की फाइल बंद झाली आहे. पुन्हा लिहिलं, त्याला उत्तरही आलं नाही. ज्यांनी कॅटलॉगमधला फोटो बघून पटाशी पाठवली, त्यांना माझ्या पत्राशी काय घेणं? मग संपादकांचा फोन आला, गमतीजमती लिहा म्हणून. हा अंक पनवेलमध्ये घराघरांत जातो, ठेकेदारांच्या ऑफिसातही पडलेला असतो, हे मला माहीत आहे.

तर अन्वरभाई, हा घ्या तुमचा कागद. हा कुणीही कुठल्याही गेटवर दाखवावा. पळस्प्याच्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर काच फुटली ती निष्काळजीपणामुळेच, पण तो तुमचा नव्हता. तुम्ही त्या सकाळी योग्य हत्यार मागितलं होतं. ते खाली, कुलपात होतं, आणि मी तुम्हाला ‘नाही’ म्हणालो तेव्हा किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती.

सही,
जनार्दन बाळाराम म्हात्रे, पर्यवेक्षक